बोटीवरची विश्रांती कुणाच्या कष्टांवर?

दरेकसा गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. मुंबई-हावडा लोहमार्ग आमच्या डोंगरातल्या बोगद्यातून जातो, पण वेगवान गाड्या बहुतेक करून इथे न थांबताच निघून जातात. धानाची रोवणी, मोहफुले, तेंदूपत्ता, हाजरा फॉल पाहायला येणारे पर्यटक आणि माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे लोटणारे गोंड भाविक, हे आमचे जग. अशा गावातल्या बाईने आलिशान क्रूझ जहाजांवर लिहावे, तेही स्त्री चळवळीच्या अंकात, याचे काही मैत्रिणींना नवल वाटेल. पण दोन कारणांनी हा विषय आमच्या दारापर्यंत आला आहे.

पहिले कारण मोबाईल. बचत गटाच्या बैठकीला येणाऱ्या अनेकींनी पाण्यावर तरंगणारा तो वीस मजली महाल मोबाईलवर पाहिलेला आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बारावी झालेल्या मुलींच्या हाती हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमांची पत्रके पडतात. त्यांवर अशाच जहाजाचे चित्र असते आणि खाली परदेशी बोटीवर नोकरी मिळेल असे आश्वासन असते. मुली विचारतात, "ताई, जाऊ का?" या प्रश्नाला आपण संघटना म्हणून काय उत्तर द्यायचे, याची चर्चा व्हावी म्हणून हा लेख.

आधी ही जहाजे म्हणजे काय ते पाहू. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मायामी बंदरातून 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज पहिल्या सफरीवर निघाले. लांबी ३६५ मीटर, मजले वीस, पोहण्याचे तलाव सात. पूर्ण भरले तर प्रवासी ७,६०० आणि त्यांची सेवा करणारे कर्मचारी २,३५०. आकारमानाने हे जहाज टायटॅनिकच्या पाचपटींहून मोठे आहे. आपल्याकडे एवढी मोठी जहाजे घरची म्हणून अजून नाहीत, पण वाट तीच आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाच्या सफरी सुरू झाल्या आणि रेल्वेच्या आयआरसीटीसीने त्यांची तिकिटे विकली. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले.

आपल्या चळवळीत अशा गोष्टींना 'चंगळवाद' म्हणून बाजूला सारण्याची सवय आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. आमच्या बैठकीत या जहाजांचा विषय निघाला तेव्हा झगमगाटाबद्दल कुणी फारसे बोलले नाही. तलाव, नाचगाणी, दुकाने यांच्याबद्दल एकीनेही विचारले नाही. एक बाई म्हणाली, "मले त फक्त येवढं सांगा, तिथं सैपाक कोन करते?" दुसरीने विचारले, अंथरूण कोण घालते? तिसरीला वाटले की चार दिवस कुणी हाक मारली नाही तर आपल्याला झोप तरी येईल का. हसता हसता बैठक गंभीर झाली. या प्रश्नांत बायकांच्या आयुष्याचे सारे गणित आले. पहाटे उठून पाणी, चूल, शेण, मग दिवसभर कमरेत वाकून रोवणी, संध्याकाळी पुन्हा चूल. लग्नकार्यासाठी माहेरी गेले तरी हात रिकामा राहत नाही. घरचे सहलीला निघाले तर डबे कोण बांधते? देवदर्शनाला गेले तर तीन दगडांची चूल कोण मांडते? मध्यमवर्गीय घरांतही फार वेगळे नाही. हवापालटाला गेलेली बाई तिथल्या खोलीत मुलांचे कपडे वाळत घालत असते.

जहाजाची मोहिनी नेमकी इथे आहे. एकदा सामान लावले की ते पुन्हा बांधायचे नाही. गाव आपोआप बदलते, खोली तीच राहते. ताट समोर येते. म्हाताऱ्या, गुडघे दुखणाऱ्या, चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईलाही लिफ्टने सगळीकडे जाता येते. एकटी बाई रात्री अकरा वाजता मोकळ्या हवेत फिरू शकते आणि 'कुठे निघालीस?' असे तिला कुणी विचारत नाही. ज्या देशात हे साधे फिरणेही बाईला घराजवळ मिळत नाही, तिथे त्याची किंमत लोक मोजणारच. या इच्छेला हसण्याचे काही कारण नाही. विश्रांती ही बाईची न्याय्य मागणी आहे.

प्रश्न पुढचा आहे. जहाजावर प्रवासी बाई जे काम करत नाही, ते काम नाहीसे होते का? होत नाही. ते खालच्या मजल्यावर जाते. पाणबुडीगत त्या मजल्यांना खिडक्या नसतात. तिथे हजारो ताटे धुतली जातात, चादरी वाळवल्या जातात, भाज्या चिरल्या जातात. पोरांच्या ओकाऱ्या पुसणारे, संडास घासणारे, दिवसातून दोनदा खोली आवरणारे हात प्रामुख्याने फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत अशा देशांतले असतात. घरकाम म्हणजे काम नव्हेच, असे म्हणणाऱ्या समाजाने हेच काम समुद्रावर नेऊन विकायला काढले, तरी ते करणारा माणूस पुन्हा अदृश्यच राहिला.

कामगार म्हणून त्याचे हक्क काय? मोठी क्रूझ जहाजे बहुतेक करून बहामा, पनामा अशा देशांचे झेंडे लावतात. 'आयकॉन'चा झेंडाही बहामाचाच आहे. मालक एका देशाचा, प्रवासी दुसऱ्या, कामगार तिसऱ्या आणि कायदा चौथ्या देशाचा. खोल समुद्रात झेंड्याच्या देशाचा कायदा चालतो, आणि मालक झेंडा निवडतो तो कर व मजुरी वाचवण्यासाठी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आला आणि भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला, ही जमेची बाजू आहे. पण त्याचेही आकडे पाहा. आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, असा त्यातला एक नियम आहे. आठवड्याचे तास १६८. म्हणजे ९१ तास काम करून घेतले तरी हा नियम मोडत नाही! घड्याळ न पाहता राबणाऱ्या आपल्या बायकांना हा हिशेब ओळखीचा वाटेल.

यात स्त्रिया किती? जगातल्या एकूण खलाशांत त्यांचे प्रमाण शंभरात एक-दोनच. ज्या आहेत त्यांतल्या पुष्कळ जणी क्रूझ जहाजांवर आणि त्यातही खोल्या, भोजनगृहे, स्वागतकक्ष अशा 'बायकांच्या' मानलेल्या कामांवर. जहाज चालवणाऱ्या पुलावर त्या क्वचित दिसतात. श्रमविभागणी जमिनीवर राहत नाही, तीही बोटीत बसून जाते.

आणि अत्याचार झाला तर? अमेरिकेत पीडितांच्या कुटुंबीयांनी एकत्र येऊन वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा २०१० मध्ये क्रूझ जहाजांवरील सुरक्षेचा कायदा झाला. खोलीच्या दाराला बाहेरचा माणूस दिसेल असे छिद्र हवे, बलात्काराचा वैद्यकीय पुरावा गोळा करण्याचे साहित्य जहाजावर हवे, गुन्ह्याची खबर तपास यंत्रणेला द्यायलाच हवी, इतक्या साध्या गोष्टींसाठी कायदा करावा लागला! त्या कायद्यामुळे जे आकडे प्रसिद्ध होतात, त्यांत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीच सर्वाधिक असतात. भर समुद्रात पोलीस ठाणे नसते. तक्रार घेणारा सुरक्षा अधिकारी कंपनीचाच नोकर. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच कदाचित पुढच्या कराराची शिफारस करणारा. १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आपण झगडून मिळवला. परक्या झेंड्याखाली तो हाताशी राहत नाही.

जहाजावर न गेलेल्या बायकांचाही विचार करायला हवा. गोव्यातल्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर काम करत आले आहेत. त्यांना तिथे 'तारवटी' म्हणतात. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर, शेत, म्हातारी माणसे, मुलांच्या शाळा, बँकेचे कर्ज हे सारे बाईने एकटीने ओढायचे. पैसा येतो हे खरे, घरे उभी राहतात हेही खरे. पण त्या पैशात बाईच्या श्रमाचा वाटा कुणी मोजत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' जहाज अडकून पडले, तेव्हा ३,७११ माणसांपैकी ७१२ जणांना करोनाची लागण झाली. प्रवाशांना खोल्यांत बसवून ठेवले होते आणि त्यांच्या दाराशी ताटे पोचवत होते ते कर्मचारी. हे कर्मचारी दाटीच्या खोल्यांत एकत्र राहत होते. त्यांत १३२ भारतीय होते. त्यांच्या घरच्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना करा.

समुद्राचा आणि बंदरांचा हिशेब वेगळाच. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे बहुतेक समुद्रांत मैलापाणी प्रक्रियेशिवाय सोडायला आंतरराष्ट्रीय नियम मुभा देतात. २०१६ मध्ये प्रिन्सेस कंपनीने तेलकट सांडपाणी चोरून समुद्रात सोडल्याचा गुन्हा अमेरिकेत कबूल केला आणि चार कोटी डॉलर दंड भरला. व्हेनिसच्या रहिवाशांनी 'मोठी जहाजे नकोत' म्हणून वर्षानुवर्षे आंदोलन केले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये इटलीच्या सरकारने २५ हजार टनांवरच्या जहाजांना शहराच्या मुख्य कालव्यात बंदी घातली. बंदरातल्या गरिबांना मिळते काय? जहाजावर जेवण फुकट म्हणजे तिकिटातच असते. मग पाहुणे बाहेर कशाला जेवतील? हाजरा फॉलला आलेला पर्यटक निदान गावच्या बाईकडून चहा आणि भजी घेतो. तिथला कचराही आमच्याच अंगावर पडतो, पण त्याबद्दल जाब विचारायला पर्यटक आणि वनखाते दोघेही समोर असतात. समुद्रात कुणाला विचारणार?

एवढे सारे जाणून मुलींना काय सांगायचे? 'जाऊ नकोस' असे मी सांगणार नाही. मुलीचे पाऊल उंबऱ्याआड ठेवण्यासाठी समाजाला बहाणे पुरेसे आहेत, त्यात आपण भर घालू नये. बाहेरचा धोका दाखवून मुलीला घरी बसवायचे आणि घरातल्या धोक्याबद्दल गप्प राहायचे, हे आपले राजकारण नाही. शिवाय धानाच्या बांधीत मिळणाऱ्या मजुरीच्या तुलनेत बोटीवरचा पगार मोठा असतो, हे त्या मुलीला आपल्याहून चांगले कळते. तिला अडवण्याऐवजी माहितीने सज्ज करणे आपले काम आहे.

म्हणून गावोगावच्या गटांनी निदान एवढे करावे. नोकरी लावून देणाऱ्याकडे जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते त्या कार्यालयाच्या यादीत पाहून घ्यावे. नोकरी लावून देण्याबद्दल मुलीकडून पैसे घेणे या कराराला धरून नाही. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि सीडीसी म्हणजे खलाशाचे ओळखपुस्तक, यांचाच खर्च तिचा. 'जागा धरण्यासाठी' लाखभर रुपये मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे आणि त्यासाठी शेत गहाण टाकणाऱ्या बापाला वेळीच थांबवावे. कराराचा कागद निघण्यापूर्वी मिळाला पाहिजे, त्याची प्रत घरी राहिली पाहिजे, आणि त्यातले तास, पगार, सुट्टी, परतीचे भाडे मुलीला कळेल अशा भाषेत वाचून दाखवले पाहिजे. घरी परत पोचवण्याची जबाबदारी मालकाची असते, हे तिला पाठ असावे. जहाजावर तक्रार कशी करायची आणि खलाशांची संघटना कोणती, हेही.

सरकारकडेही आपण मागणी करायला हवी. सरकारी पैशाने टर्मिनल बांधले जाते आणि रेल्वेचे महामंडळ तिकिटे विकते, तर त्या बंदरातून प्रवासी घेणाऱ्या प्रत्येक जहाजावर, झेंडा कुठलाही असो, अंतर्गत तक्रार समिती का नको? तिच्यात स्त्री संघटनेची बाहेरची सदस्य का नको? कर्मचाऱ्यांचे कामाचे तास आणि पगार बंदरात तपासून जाहीर का होऊ नयेत?

राहिला आमच्या बैठकीतला प्रश्न, सैपाक कोण करते हा. बाजार त्याला सोपे उत्तर देतो: पैसे टाका, दुसरी कुणी करील. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी चार दिवस समुद्रावर जावे. बिनखिडकीच्या मजल्यावरच्या माणसाचे नाव मात्र विचारावे आणि त्याच्या तासांची चौकशी करावी. पण पाचव्या दिवशी घरी आल्यावर चूल पुन्हा तिचीच असेल, तर ती विश्रांती भाड्याने घेतलेली ठरते. आठवड्यातून एक दिवस बाईला सुट्टी आणि त्या दिवशी घरातल्या पुरुषांनी रांधायचे, हा ठराव आमच्या गटाने मांडला आहे. त्याला तिकीट लागत नाही, पण भांडण लागते. आपापल्या गटांत या विषयावर काय बोलणे झाले, ते जरूर लिहून कळवा.