पायपीट आणि ‘प्रयत्न’

मराठी आत्मचरित्रांतली शाळेची वाट ही बहुधा पायी तुडवलेली असते. धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना तेथे परीक्षेस बसू दिले नाही, हा प्रसंग ‘आत्मवृत्ता’च्या (१९१५) वाचकांना ठाऊक आहेच. पुढे ग्रामीण आणि दलित आत्मकथनांतही अनवाणी चाललेले कोस हे ज्ञानलालसेचे प्रमाण ठरत गेले. या परंपरेविषयी पूर्ण आदर बाळगूनही म्हणावे लागेल, की चालू न शकणारे मूल तिच्यात क्वचितच भेटते. जे शाळेपर्यंत पोचलेच नाही, त्याचे आत्मचरित्र लिहिणार कोण?

साहित्यातला हा गृहीतक आपल्या कायद्यांतही मुरलेला आहे, असे मला वाटते. आणि कायद्याची भाषा वाचण्याचे काम केवळ वकिलांवर सोडून देऊ नये, असेही वाटते. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याखालील केंद्राच्या २०१०च्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. लहान वस्त्यांजवळ शाळा नसेल, तर मोफत वाहतूक किंवा निवास यांसारखी पुरेशी व्यवस्था शासनाने ‘करावयाची’ आहे. त्याच नियमात थोडे खाली अपंग मुलांचा उल्लेख येतो आणि तेथे क्रियापद बदलते. त्यांच्या सुरक्षित वाहतुकीसाठी शासन ‘प्रयत्न करील’. जो आपल्या पायांनी निदान काही अंतर जाऊ शकतो, त्याच्यासाठी आज्ञार्थ. ज्याला वाहनावाचून गत्यंतरच नाही, त्याच्यासाठी सदिच्छा! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात वाहतुकीची सोय स्पष्ट शब्दांत आली, अधिक आधाराची गरज असलेल्या मुलाच्या सोबत्यासाठीही आली. पण त्या कलमाच्या आरंभीच पुन्हा तो ‘प्रयत्न’ बसलेला आहेच.

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यात हा शब्द नेऊन पाहावा, म्हणजे त्याचे वजन कळते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा आदिवासीबहुल जिल्हा. सातपुड्यातले गाव म्हणजे पार, देऊळ आणि भोवती घरे असे चित्र नव्हे. भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरे आपापल्या शेतात, डोंगरउतारांवर विखुरलेली असतात. एका गावाचे अनेक पाडे, आणि दोन पाड्यांच्या मध्ये नाला किंवा दरी. एक किलोमीटर हे अंतर येथे नकाशावर एक आणि पायाखाली दुसरेच असते. आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खांद्यावर रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या या भागातून वर्षानुवर्षे येत आहेत. आजाऱ्यासाठी चार खांदे एखादा दिवस मिळतात. सहा वर्षांच्या मुलीला रोज सकाळी शाळेत आणि दुपारी घरी कोण नेणार?

शासनाचे उत्तर आहे भत्ता. समग्र शिक्षा योजनेत (२०१८) विशेष गरजा असणाऱ्या प्रत्येक बालकामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद ठरली; साधने, साहित्य, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता असे सारे तिच्यात. प्राथमिक शाळेचे दिवस कायद्याने किमान २०० धरले, तर ती सगळी रक्कम निव्वळ प्रवासावर खर्चूनही दिवसाला साडेसतरा रुपये होतात. पण माझा आक्षेप रकमेच्या अपुरेपणावर थांबत नाही. भत्ता देणाऱ्याने तीन गोष्टी आधीच धरून चाललेल्या असतात: रस्ता आहे, त्यावर भाड्याचे वाहन आहे, आणि घरात एक मोकळा प्रौढ माणूस आहे. नंदुरबारच्या पाड्यावर पहिल्या दोहोंची खात्री नाही. तिसरा मजुरीवर गेलेला असतो, कित्येकदा हंगामभर गुजरातेत. एसटीच्या भाड्यातील सवलत चांगलीच आहे, पण ती एसटीच्या थांब्यापासून सुरू होते.

डोंगरातल्या अंतरावर शासनाचा जुना तोडगा म्हणजे आश्रमशाळा. पण ज्या मुलाला कपडे घालायला, जेवायला हात लागतो, त्याला पहिलीतच आईपासून तोडून वसतिगृहात ठेवणे याला सोय म्हणवत नाही. दुसरी वाट घरी शिक्षणाची. २०१२च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र विकलांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क दिला. तो त्या मुलांचा पर्याय आहे. वाहन नाही म्हणून एखाद्याचे नाव त्या यादीत गेले, तर हक्काचे रूपांतर कोंडवाड्यात होते, आणि कागदोपत्री मात्र मूल ‘शिकत’ राहते. (कागदोपत्री शिकणे हा आपल्याकडचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. असो.)

हे अशक्यप्राय आहे, असे कोणी म्हणू नये. नर्मदेकाठच्या गावांसाठी याच जिल्ह्यात तरंगता दवाखाना चालवला गेला. २०२०च्या साथीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः नाव वल्हवत पलीकडच्या पाड्यांवरील बालकांपर्यंत आणि गरोदर मातांपर्यंत पोचत होत्या, ते देशभर गाजले. आपण त्यांचे कौतुक केले. नाव वल्हवणे हे सेविकेचे काम का व्हावे, हे फारसे विचारले नाही.

मागणी साधी आहे. नियमातला ‘प्रयत्न करील’ खोडून तेथे ‘करील’ लिहावे. भत्त्याऐवजी त्याच पाड्यावरची एक व्यक्ती मासिक वेतनावर सोबती म्हणून नेमावी. तिला मुलाची बोली येत असेल, हा वरचा लाभ. जेथे जीप जाते तेथे जीप, जेथे नाव तेथे नाव. आणि ती न आल्याचा दिवस मुलाच्या गैरहजेरीत न धरता शिक्षण विभागाच्या गैरहजेरीत मांडावा.