स्वयंचलित गिअरबॉक्स आणि घाटवाटांचा हिशेब

चारही चाकांना जोर देणाऱ्या वाहनाची ओढ कोल्हापूर परिसरातील व्यापारी कुटुंबांना नवी नाही. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढील काही दशकांत जीप हे खडतर रस्त्यावरचे हक्काचे वाहन ठरले. ऊसपट्ट्यातील पाणंदी असोत, गुऱ्हाळापर्यंतची वाट असो किंवा आंबा, गगनबावडा, फोंडा यांसारखे घाट असोत, या वाहनाचा उपयोग सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या काळी अशा वाहनास क्लच आणि हाताने टाकावयाचा गिअर असे. २ ऑक्टोबर २०२० रोजी नवी थार बाजारात आली, ती सहा गिअरच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचा पर्याय घेऊनच. २०२३ मध्ये मारुतीची जिम्नीही चार गिअरच्या स्वयंचलित पर्यायासह आली. परिणामी घरातील ज्येष्ठांपासून नव्याने परवाना मिळालेल्या मुलामुलींपर्यंत सर्वांनाच ही वाहने चालविणे सुलभ झाले.

डाव्या पायाचे श्रम वाचले, ही सोय मोठीच आहे. परंतु क्लच नाहीसा होताना त्याच्यासोबत एक राखणदारही गेला, याची जाणीव फार थोड्यांना असते. हाताच्या गिअरच्या वाहनात चिखलात फार जोर लावला, तर क्लच घसरू लागतो, जळका वास येतो आणि चालक आपोआप थांबतो. प्लेट जळाली तरी ती बदलण्याचे काम नेहमीच्या मेकॅनिककडे उरकते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तोच अतिरेक मुकाट्याने घडतो. इशारा मिळेपर्यंत आतील नुकसान बरेच पुढे गेलेले असते आणि दुरुस्तीचा आकडा कुटुंबाचे मासिक अंदाजपत्रक कोलमडून टाकतो.

असे का घडते, हे समजण्यासाठी या यंत्राची रचना थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचे गोल, बंदिस्त पात्र असते. त्यात समोरासमोर दोन पंखे बसविलेले असतात आणि पात्र तेलाने भरलेले असते. इंजिनाने फिरविलेला पंखा तेल फेकतो. त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा पंखा फिरतो आणि त्यामार्फत चाकांना गती मिळते. दोहोंच्या मधील तिसरे चक्र परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते, त्यामुळे वाहन जागचे हलताना जोर साधारण दुपटीपर्यंत वाढतो. द्रवाच्या साहाय्याने शक्ती पोचविण्याची ही कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी मांडली होती. अमेरिकेत १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल मोटारींत हायड्रामॅटिक हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आला आणि दुसऱ्या महायुद्धात तो हलक्या रणगाड्यांतही बसविला गेला. तेव्हा हे यंत्र मूळचे नाजूक आहे, असे म्हणता येत नाही.

दुखणे यंत्राच्या बळात नसून तेलाच्या तापमानात आहे. दोन्ही पंखे जवळजवळ समान वेगाने फिरत असतील तर तेल फारसे तापत नाही. शिवाय महामार्गावर एक आतला क्लच दोघांना एकत्र जखडून टाकतो. पण चाके चिखलात रुतली आणि चालकाने अॅक्सिलरेटर दाबून धरला, म्हणजे पहिला पंखा गरगर फिरतो व दुसरा जवळपास स्थिर राहतो. अशा वेळी इंजिनाची शक्ती चाकांकडे न जाता तेलातच उष्णतेच्या रूपाने साठते. सपाट रस्त्यावर हे तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसपर्यंत असते. १२० अंशांपुढे त्याचा कस झपाट्याने उतरू लागतो. जाणकार कारागिरांचा ठोकताळा असा, की तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्मे होते. हेच तेल गिअर वंगित करते, आतील क्लचना दाब पुरविते आणि त्यांना थंडही ठेवते. ते बिघडले, की तिन्ही कामे एकदमच बिघडतात.

कोल्हापूरच्या भूगोलात ही स्थिती वारंवार उद्भवते. पावसाळ्यात पाणंदीतील काळी माती चाकांना धरून ठेवते. घाटमाथ्यावर जांभ्याचा तांबडा चिखल रेडिएटरच्या जाळीवर थापला जातो आणि ज्या वाऱ्याने तेल थंड व्हावयाचे, तोच वारा अडतो. करूळ किंवा आंबा घाटात मालवाहू गाड्यांच्या रांगेमागे चढण चढताना वेग नसतो, मात्र जोर पूर्ण लागतो. महामार्गावर उत्तम चालणारे वाहन अशा ठिकाणी तापते, याचे कारण हेच होय.

दुसरा शत्रू पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तेथील धोका पातळी ४३ फूट आहे. शिरोलीनजीक महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली होती. अशा प्रसंगी उंच वाहनाच्या मालकास आपण सहज पार होऊ असे वाटते. थारसाठी निर्मात्यांनी जाहीर केलेली मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन फुटांहूनही कमी आहे. ती मर्यादाही संथ पाणी व संथ गती गृहीत धरते. वाहत्या पाण्याचा लोंढा तिच्या हिशेबात नसतो.

गिअरबॉक्सच्या वरच्या भागी हवा खेळती राहावी म्हणून एक बारीक नळी असते. तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात उतरला, की आतील हवा आकसते आणि नळीचे तोंड पाण्याखाली असल्यास पाणी आत ओढले जाते. आतील क्लचच्या चकत्यांवर कागदी तंतूंचे अस्तर चिकटविलेले असते. पाणी लागताच ते फुगते व सुटू लागते. तेलाचा रंगही पालटतो. लाल, पारदर्शक तेल गुलाबी दुधासारखे दिसू लागते. रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी आतून फुटल्यासही हीच अवस्था होते. अशा तेलावर वाहन चालविणे म्हणजे उरलेला गिअरबॉक्सही गमावणे होय.

व्यापाऱ्याला रंगावरून प्रत ओळखण्याची सवय असते. गुळाची ढेप पाहताच आच अधिक लागली की नाही, हे शाहूपुरीतील अनुभवी अडत्या सांगतो. तीच नजर येथे उपयोगी पडते. तेल तांबूस व स्वच्छ असेल तर चिंता नाही. ते तपकिरी झाले असेल तर बदलण्याची वेळ झाली. काळपट असून जळका वास असेल तर आतील अस्तर झिजू लागले आहे. याखेरीज काही लक्षणे चालविताना जाणवतात. डी किंवा आर मध्ये टाकल्यावर वाहन हलण्यास विलंब लागणे, गिअर बदलताना धक्का बसणे, इंजिनाचा आवाज चढूनही वेग न वाढणे, किंवा वाहन एकाच गिअरमध्ये अडकून राहणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी तपासणी लांबणीवर टाकू नये.

आता पैशाचा विचार. साध्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड, नेहमीची झीज आणि अपघातानंतर ओढवलेले पुढील नुकसान यांची भरपाई मिळत नाही. चिखलात तापून निकामी झालेल्या गिअरबॉक्सचा खर्च सर्वस्वी मालकाच्याच माथी येतो. पाणी शिरून इंजिन किंवा गिअरबॉक्सचे नुकसान झाल्यास त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जोड कलम वेगळ्या हप्त्यावर घ्यावे लागते. त्यात गिअरबॉक्सचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही, हे पॉलिसी घेतानाच वाचून घ्यावे. पाण्यात बंद पडलेले वाहन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास नुकसान वाढते आणि दाव्यावर आक्षेप येण्यास निमित्त मिळते.

व्यवसायासाठी वापरलेल्या मोटारीवर आयकराच्या नियमांनुसार घटत्या मूल्यावर वार्षिक १५ टक्के घसारा मिळतो. परंतु घसारा ही वहीतील नोंद आहे; ती दुरुस्तीसाठी रोकड बाजूला ठेवत नाही. चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनाच्या खरेदीवर, दुरुस्तीवर व विम्यावर भरलेल्या जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिटही सर्वसाधारण व्यापाऱ्यास मिळत नाही. वाहन कर्जावर घेतले असेल तर ते गॅरेजमध्ये उभे असतानाही हप्ता चुकत नाही. म्हणून दरमहा एक लहान रक्कम वाहनाच्या देखभालीसाठी वेगळी ठेवणे, हीच शहाणपणाची तरतूद ठरते.

ही तरतूद कशावर खर्चावी, याचे उत्तर प्रथम तेल हेच आहे. काही वाहनांच्या बाबतीत गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर पुरेल, असे सांगितले जाते. ते सौम्य वापरापुरते समजावे. मालकाच्या पुस्तिकेत कठीण वापराचा तक्ता निराळा दिलेला असतो. पाणंद, चिखल, घाट आणि मागे ट्रॉली ओढणे हा कठीण वापरच होय. तेल नेमके पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच घालावे. दोन प्रकारांची सरमिसळ करू नये. एका वेळी तेल काढताना कन्व्हर्टरमधील तेल आतच राहते, त्यामुळे निम्म्याहून कमी तेल बदलले जाते, हेही लक्षात ठेवावे. अनेक नव्या गिअरबॉक्सला तेल मोजण्याची पट्टी नसते. त्यांची पातळी ठरावीक तापमानाला आणि वाहन समतल उचलूनच पाहावी लागते. हे काम घाईने उरकणाऱ्याच्या हाती देऊ नये.

चालविण्याच्या सवयींचा वाटाही तितकाच मोठा आहे. रुतलेल्या वाहनात जोर लावीत बसण्यापेक्षा आरंभीच फोर एल निवडावे. त्यात चाके संथ पण अधिक बळाने फिरतात आणि कन्व्हर्टरवरील ताण हलका होतो. वाहन पूर्ण थांबल्याशिवाय डी मधून आर मध्ये टाकू नये. तेल तापल्याचा इशारा मिळाला, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन चालूच ठेवावे व गिअर पी मध्ये ठेवावा, म्हणजे तेल फिरत राहून थंड होते. घाट उतरताना न्यूट्रल टाळावा आणि खालचा गिअर हाताने निवडावा. उतारावर उभे करताना आधी हँडब्रेक ओढावा, मग पी निवडावा. अन्यथा वाहनाचा सारा भार आतील एका लहान खिळीवर येतो. बंद पडलेले वाहन दोरीने ओढत नेऊ नये. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही आणि कोरडे गिअर घासले जातात. ते सपाट पाठीच्या गाडीवर चढवूनच न्यावे.

जुने वाहन विकत घेताना या सर्व गोष्टींना दुप्पट महत्त्व येते. रंगरंगोटी आणि नवे टायर पाहून सौदा ठरवू नये. देखभालीच्या नोंदींत गिअरबॉक्सच्या तेलाची तारीख शोधावी, थंड इंजिनावर स्वतः चालवून पाहावे आणि वाहन पुरात होते का, हे आसनांखालील गंज व गाळ पाहून पडताळावे. तेलाचा नमुना दाखविण्यास विक्रेता कां कूं करीत असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी तो सौदा सोडून द्यावा.

क्लच गेला, तरी सावधपणाची गरज गेलेली नाही. ती केवळ चालकाच्या पायाकडून मालकाच्या वहीकडे आली आहे. तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि त्या वेळी दिसलेला रंग, एवढ्या तीन नोंदी प्रत्येक वाहनामागे ठेवल्या, तर पुढील पावसाळ्यात घाट चढताना कुटुंबास निर्धास्त राहता येईल.