'अपडेट नको' म्हणायचा हक्क

साकोलीला काकांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. धानाच्या नोंदणीचे दिवस, दारात सातबारा घेऊन रांग, आणि प्रिंटर मुका. "बापू, काल त बरा चालत होता, आज का झालं?" रात्री ड्रायव्हरचं पॅकेज आपोआप नवं झालं होतं. ती सोय चालू ठेवणारा इंजिनिअर मीच!

जुनी आवृत्ती परत टाकली आणि एक ओळ लिहिली: सुडो एपीटी-मार्क होल्ड, पुढे पॅकेजचं नाव. आता 'अनहोल्ड' म्हणेपर्यंत ते हलत नाही.

"मग सगळंच बंद करून टाक ना," काका म्हणाले.

नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय पसरला, त्यावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ते न लावलेली मशीनं सापडली. सुरक्षेचे अपडेट घ्यायलाच हवेत. माझं भांडण वेगळं आहे. त्याच गाडीत नवी बटणं, नवे रंग, नवी मोडतोड का कोंबता? ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 च्या अपडेटने काहींच्या फाइलीच पुसल्या, तो थांबवावा लागला. होम आवृत्तीवाल्यांना 'थोडं थांब' म्हणायचं बटण मिळालं 2019 मध्ये, तेही 35 दिवसांपुरतं. मशीन विकत घेतलं कोणी?

रोवणीच्या मधोमध कोणी बियाणं बदलतं का?

होल्डवरच्या पॅकेजला सुरक्षेचं ठिगळही मिळत नाही, ही किंमत आहेच. म्हणून काकांच्या मशीनवर फक्त तो ड्रायव्हर अडवलाय. बाकीचं रविवारी, दुकान बंद असताना, मी बघतो.