अहवालाकडे डोळेझाक नको




‘पोळी-भात सोडून तूप, लोणी, पनीर खाणाऱ्याचे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढले तरी चिंता नको; ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) उतरतात, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) वाढते,’ असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. ट्रायग्लिसराइड-एचडीएलचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे.

मी हाच आहार आठ महिने घेतला. वजन नऊ किलो उतरले, पण एलडीएल ११८ वरून १९६ झाले. रक्ततपासणीचा तो अहवाल पाहून माझी झोप उडाली.

आहारात तूप-लोण्यातली संपृक्त चरबी वाढली की यकृतातील पेशींवरचे एलडीएल टिपून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) कमी होतात आणि ते रक्तातच साठते. याच ग्राहकांच्या शोधाबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल मिळाले. हे ग्राहक जन्मतःच सदोष असलेल्यांना तरुणपणीच हृदयविकार गाठतो. एचडीएल चांगले असल्याने हा धोका पुसला जात नाही.

मात्र घाबरून जाण्याचेही कारण नाही. वजन झपाट्याने उतरताना आकडे तात्पुरते हलतात. वजन स्थिरावल्यावर पुन्हा तपासावे. मी तूप-खोबरेल कमी करून शेंगदाणा तेल, बदाम, जवस आणि कडधान्ये वाढवली. तीन महिन्यांत एलडीएल १३१ वर आले.

वाचकांना कळकळीची विनंती : एलडीएल १९० च्या वर असेल तर कोणाच्याही पत्रावर, माझ्याही, विसंबू नका. डॉक्टरांना भेटा.

– एक वाचक, सातारा