आधी टॉर्टिया, मग टकीला

मेक्सिकन हॉटेलाची परीक्षा मी टॉर्टियावर करते. भिंतीवर किती रंगीत कवट्या रंगवल्यात, बारमागे किती बाटल्या मांडल्यात, यावर काही ठरत नाही. टॉर्टिया हातात घेतल्यावर मक्याचा वास येतो का आणि दुमडल्यावर ती तडकते का, एवढंच बघावं.

शिकागोच्या पिल्सन भागात, अठराव्या रस्त्यावर, एका शुक्रवारी संध्याकाळी भाचा आणि भाचेसून मला छोट्या बशांत पदार्थ वाढणाऱ्या एका मेक्सिकन हॉटेलात घेऊन गेले. पिल्सन मूळची चेक लोकांची वस्ती, नावही त्यांच्याच शहराचं. गेल्या शतकाच्या मध्यापासून इथे मेक्सिकन कुटुंबं आली, भिंती चित्रांनी भरल्या. १९८७मध्ये मेक्सिकन कलेचं संग्रहालयही इथेच उघडलं. आता भाडी चढलीत आणि त्यातल्या कितीतरी कुटुंबांना घर सोडावं लागलंय. हॉटेल तुडुंब भरलं होतं, पण मेक्सिकन आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आलेत असं टेबल क्वचितच दिसत होतं. याचं मला खरंच वाईट वाटलं.

अशा ठिकाणी पदार्थ जसा तयार होतो तसा येतो, क्रम आपल्या हातात नसतो. सगळं एकदम सांगितलं की टेबलावर बशा ठेवायला जागा उरत नाही आणि निम्मं निवून जातं. “मावशी, दोन-दोनच मागवू,” भाचा म्हणाला, आणि तेच बरोबर होतं. वाढणारी मुलगी सारखी येऊन ‘आणखी काही?’ विचारत होती. दाराबाहेर रांग, टेबल जितक्या लवकर रिकामं होईल तितकी तिची टिप जास्त. तिला दोष नाही. तरीही आपण आपल्या चालीनेच मागवावं असं माझं ठाम मत आहे.

आधी आग्वाचिले आलं. हा सिनालोआच्या किनाऱ्याचा पदार्थ: कच्ची कोळंबी उभी चिरलेली, वर लिंबाचा रस, वाटलेली हिरवी मिरची, कांदा आणि काकडी. मग त्लाकोयो. मक्याच्या ओल्या पिठाच्या लांबट गोळ्यात घेवड्याचं सारण भरून तो तव्यावर शेकलेला, आणि वर फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी. आपण ज्याला कुंपणाचा काटा म्हणतो तो निवडुंग मेक्सिकोत मंडईत काटे सोलून विकायला असतो. चवीला आंबटसर, किंचित बुळबुळीत. मी पुन्हा मागवला.

स्वयंपाकघराच्या काचेमागे एक बाई टॉर्टिया करत होत्या. पिठाची गोळी, दाबयंत्रात एक दाब, तापलेल्या तव्यावर टाकली, उलटली, परत उलटली. तिसऱ्या वेळी ती भाकरीसारखी टम्म फुगली. या पिठाचं मर्म चुन्यात आहे. वाळलेले मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी साल निघेपर्यंत धुतात आणि मग दळतात. तीन हजार वर्षांहून जुनी ही रीत. चुन्यामुळे पीठ एकत्र धरतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मक्यात अडकून राहिलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपाने मका उचलला पण चुना मागेच ठेवला. पुढे उत्तर इटलीत आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिणेत, मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा रोगाने गाठलं. कातडी सोलवटे, बुद्धी भ्रमे, माणसं मरत. मेक्सिकोतल्या शेतकरी बायकांना नायसिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण या रोगावरचा उपाय त्यांच्या हातात होता. २०१०मध्ये युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला मानवी वारशात स्थान दिलं. त्यात मोठा वाटा या बायकांच्या मेहनतीचा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

बारमागचा माणूस हालिस्कोच्या डोंगराळ भागातला, वडील अगेव्ह, म्हणजे टकीलाचं झाड, तोडणारे. त्याने बाटली फिरवून मागचं लेबल दाखवलं. कायद्याने टकीलात किमान ५१ टक्के साखर निळ्या अगेव्हची हवी. बाकीची उसाची चालते. ‘१०० टक्के अगेव्ह’ लिहिलं असेल तरच ती पूर्ण त्याच झाडाची. शिवाय प्रत्येक बाटलीवर कारखान्याचा चार आकडी क्रमांक असतो. १९७४पासून हे नाव राखीव आहे, आणि आज ते फक्त हालिस्को आणि इतर चार राज्यांतल्या ठरावीक भागांपुरतं आहे.

अगेव्ह म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातलाच. रुळांच्या कडेला, शेताच्या बांधावर जो उभा असतो, ज्याच्या वाखाचे दोर वळतात, तो घायपातही मूळचा मेक्सिकोचाच. निळा अगेव्ह तयार व्हायला साधारण सहा-सात वर्षं लागतात. फुलाचा दांडा आला की छाटतात, म्हणजे साखर गाभ्यात राहते. मग गोल पात्याच्या लांब दांड्याच्या कोयत्याने पानं तासून तो जड गाभा उकरून काढतात, भट्टीत शिजवतात, पिळतात, आंबवतात आणि दोनदा ऊर्ध्वपातन करतात. फुलंच येऊ दिली नाहीत की मधासाठी येणाऱ्या वटवाघळांची उपासमार होते, आणि सगळी रोपं एकाच जातीच्या कोंबांवरून लावल्याने रोग पडला तर रानंच्या रानं जातात. म्हणून शंभरातली पाच झाडं फुलायला सोडणारे काही शेतकरी तिथे आहेत. त्यांची बाटली दिसली तर चार पैसे जास्त मोजावेत.

त्याने ‘ब्लांको’ ओतली, म्हणजे पिंपात न मुरवलेली. आधी मिऱ्याचा तिखटपणा, मग शिजलेल्या अगेव्हचा गोडवा, आणि शेवटी घशात ऊब. शेजारच्या टेबलावर मीठ चाटून, एका दमात गिळून, लिंबू चोखणं चाललं होतं. सात वर्षं वाढलेलं झाड असं दोन सेकंदांत संपवणं मला पटत नाही. आणि ही रीत चांगल्या टकीलाला लागतही नाही.

पुण्या-मुंबईत मेक्सिकन म्हणून मैद्याच्या पोळीत राजमा आणि चीज पुष्कळदा गुंडाळून मिळतं. तुम्ही विचारत चला: टॉर्टिया मक्याची आहे का, इथेच केलेली आहे का, चुन्यात भिजवलेल्या मक्याची आहे का. विचारणारे वाढले की करणारेही वाढतील. आणि बाटलीवर ‘१०० टक्के अगेव्ह’ नसेल तर टकीला मागवू नका. त्याऐवजी लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड सरबत घ्या. मेक्सिकन घरांत जेवणाबरोबर ते रोजचं आहे.