रक्त लेकराचं, संशय तुमचा

आमच्या आटपाडी-विट्याकडचे पुरुष गलाईच्या धंद्यात देशभर पांगले आहेत. सोनं-चांदी गाळायची भट्टी कुणाची केरळात, कुणाची पंजाबात. बायको इथे म्हातारा-म्हातारी, शेरडं आणि डाळिंबाची झाडं सांभाळते. जत्रेला नाहीतर लग्नसराईला मालक येतात. मग पोराच्या नाकावरून, रंगावरून, जन्माच्या महिन्यावरून कुणीतरी काहीतरी बोलतं आणि घर पेटतं.

अशीच एक बाई आमच्या सल्ला केंद्रात आली. पोर सात वर्षांचं. ‘डीएनए करून आण, मग नांदवतो’ असा नवऱ्याचा निरोप. बैठक बसली. दीर, मामा, गावातली दोन शहाणी माणसं. सगळ्यांचा एकच सूर, “खरी असशील तर भ्यायचं कशाला?” मला जास्त लागलं ते दुसरंच. आमच्या गटातल्या दोघी हळूच म्हणाल्या, “आक्का, दिऊ दे की एकदा रगात. तोंडं बंद हुतील.” ती बाई मात्र म्हणाली, “रगात द्यायला मी भीत न्हाय. पर पोरानं इचारलं, सुई कशापायी टोचत्यात, तर काय सांगू?”

मैत्रिणींनो, ‘खरी असशील तर’ हे वाक्य नवं नाही. सीतेला हेच ऐकवलं. उकळत्या तेलातून नाणं काढायला लावणाऱ्या जातपंचायतींनी हेच ऐकवलं. आता आगीऐवजी काचेची नळी आली, म्हणून ती परीक्षा शास्त्रीय झाली का? चाचणी शास्त्रीय आहे, मागणी नाही. संशय घेणाऱ्याने काहीच सिद्ध करायचं नाही, सगळं बाईने आणि लेकराने करायचं, हा जुनाच न्याय आहे.

आणि अहवाल सांगतो तरी काय? बाप हा की नाही, एवढंच. घरातल्याच कुणी बळजबरी केली होती का, हे तो सांगत नाही. उत्तर ‘नाही’ आलं तर बाई आणि पोर दोघं रस्त्यावर. ‘हो’ आलं तरी पोराच्या कपाळावरचा ‘तपासून घेतलेला’ हा शिक्का पुसत नाही. शिवाय तो नमुना नुसता पोराचा नसतो. त्यात आईचा वाटा असतो, तिच्या माहेरचा असतो. तो कुणी ठेवायचा, कुणी बघायचा, हे तिला कोण विचारतं?

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ. वैध लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानलं जातं. अपवाद एकच, त्या काळात दोघांची गाठभेटच शक्य नव्हती हे सिद्ध झालं तर. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे कलम ११२ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ११६ आहे. गलाईवाल्याला वाटतं, ‘मी तर लांब होतो’ म्हणायला आपल्याला जागा आहे. असेल, तर त्याने तिकिटं दाखवावीत, दुकानाच्या वह्या दाखवाव्यात, साक्षीदार आणावेत. पोराच्या दंडात सुई कशाला?

न्यायालयं कायम आपल्या बाजूने राहिली असं नाही. २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या गृहीतकापेक्षा डीएनएचा अहवाल मोठा मानला. पण २० फेब्रुवारी २०२३ ला त्याच न्यायालयाने पुण्याच्या एका खटल्यात खालच्या न्यायालयांनी दिलेली चाचणीची परवानगी रद्द केली. बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला मुलाच्या शरीराचा वापर करता येणार नाही. आपली जनुकीय माहिती खाजगी राखण्याचा हक्क मुलालाही आहे, असं बजावलं. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही केवळ संशयावरून अशी चाचणी नाकारली.

कुणी विचारेल, फसवलेल्या पोरींसाठी आपणच डीएनए मागतो ना? मागतो, आणि मागत राहू. २०१२ साली एका माजी मुख्यमंत्र्याचं पितृत्व चाचणीतूनच सिद्ध झालं, पण तिथे दावा खुद्द मुलाचा होता. ज्याच्या रक्ताचा प्रश्न, त्याच्या भल्यासाठी मागणं वेगळं. त्याला घराबाहेर काढण्यासाठी मागणं वेगळं. हा फरक आपल्यालाच कळला नाही, तर बैठकीतल्या शहाण्यांना कसा कळणार?

डीएनएबाबतचं २०१९ चं विधेयक सरकारने २०२३ मध्ये मागे घेतलं. त्यात उणिवा होत्याच, पण जनुकीय माहिती जपणारा स्वतंत्र कायदाही आलेला नाही. आईला न सांगता, न्यायालयाच्या आदेशाशिवाय मुलाचा नमुना कुठल्याही प्रयोगशाळेने घेऊ नये, घेतलेला नष्ट करावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. आपल्या बैठकीत ही चाचणी सुचवायची नाही, कुणी सुचवली तर बैठक थांबवायची. ‘चाचणीला तयार आहे’ असं कोणत्याही कागदावर बाईला लिहून द्यायला लावायचं नाही. तिला आधी वकील गाठून द्यायचा.

आणि ‘लपवायचं नसेल तर दाखव’ म्हणणाऱ्याला सांगायचं, दाराला कडी लावतो ती काय आत पाप असतं म्हणून? त्या बाईने चाचणी केलेली नाही. पोटगीचा दावा लावला आहे. पोर शाळेत जातंय. सुई कशापायी, हे त्याला अजून विचारावं लागलेलं नाही. विचारावं लागू नये, एवढं तरी आपण बघू.