बुद्धिबळ शेवटाकडून शिकवा



२८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवलं, महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. वय फक्त १९. नागपूर आपल्या वर्ध्यापासून दीड-दोन तासांवर. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टरही तिथलेच. साहजिकच पालक विचारू लागले, "मॅडम, पोरीला क्लास लावू का? ओपनिंगचं पुस्तक घेऊ का?"

माझं मत स्पष्ट आहे. ओपनिंग राहू द्या, आधी शेवट शिकवा. पटावर चार-पाच सोंगट्या उरल्यावर काय करायचं, ते.

आपली मुलं हरतात कुठे ते बघा. पहिल्या दहा चाली ती पाठ करून येतात. वजीर मेला की मात्र त्यांना वाटतं खेळ संपला. राजा कोपऱ्यात लपवलेला असतो तो तिथेच राहतो, कारण आपणच सांगितलेलं असतं, "राजा सांभाळ." वजीर पटावर असेपर्यंत ते बरोबरही आहे. पण वजीर आणि हत्ती गेल्यावर राजाला भीती कोणाची? तेव्हा तो आठही बाजूंना एकेक घर चालणारा दणकट शिपाई होतो. उंट कितीही लांब धावला तरी एकाच रंगाच्या घरांवर धावतो. राजाला दोन्ही रंग चालतात.

यासाठी मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १९७२ चं आहे. रेक्याविक, जागतिक अजिंक्यपदाचा सामना, ११ जुलैला सुरू झालेला पहिला डाव. डाव बरोबरीकडे चाललेला. काळ्याकडून खेळणाऱ्या बॉबी फिशरच्या उंटाने २९ व्या चालीला स्पास्कीचं कडेचं, एच २ वरचं प्यादं खाल्लं. स्पास्कीने शेजारचं प्यादं फक्त एक घर पुढे सरकवलं. झालं, उंटाची परतीची वाट बंद! मग त्याचा राजा घराघराने चालत उंटाकडे गेला. फिशरला उंटाच्या बदल्यात दोन प्यादी मिळाली, पण ५६ व्या चालीला त्याने डाव सोडला. (सामना शेवटी फिशरनेच जिंकला, हेही मुलांना सांगा. एका डावात हरल्यावर रडणाऱ्यांसाठी.)

यात मुलांना काय दिसतं? उंटाला अडवलं प्याद्याने, पण पकडायला राजालाच जावं लागलं.

वर्गात हे असं मांडा. पांढरा राजा ई १, पांढरी प्यादी एफ २ आणि जी ३. काळा उंट एच २, काळा राजा दूर बी ७ वर. चाल पांढऱ्याची. बहुतेक मुलं आधी प्यादं पळवायला बघतील. पळवू द्या, मग विचारा, "उंटाला जायला जागा कुठे आहे?" जी १ हे एकच रिकामं घर. राजा एफ १ वर आला की तेही गेलं. पुढच्या चालीला राजा जी २ वर, आणि उंट हातात. काळ्याने हुशारी केली तर तो मरता मरता जी ३ चं प्यादं खाईल. तरी पांढऱ्याकडे एक प्यादं उरतं आणि काळा राजा लांब असतो. आता राजाने पुढे चालायचं आणि प्याद्याने मागून यायचं. इथेही मुलं उलट करतात, प्यादं पळवतात आणि राजा मागे ठेवतात. मग स्टेलमेट होतं आणि जिंकलेला डाव बरोबरीत जातो.

मोठ्या मुलांसाठी दुसरा प्रकार आहे. उंट मारायचाच नाही, कोंडून ठेवायचा. १९१९ साली हेस्टिंग्जला कॅपाब्लांकाने विंटरचा उंट जी ३ वर प्याद्यांच्या भिंतीमागे असा कोंडला की तो पटावर असून नसल्यासारखा. मग त्याने पटाच्या दुसऱ्या बाजूला खेळ उघडला. तिथे जणू त्याच्याकडे एक मोहरा जास्त होता. २९ चालींत डाव संपला. शेवट आधी शिका, असं कॅपाब्लांकाही सांगत असे.

आता आपल्या शाळांचं. दोनशिक्षकी शाळा, पट एक, त्यातले दोन घोडे आणि एक हत्ती गायब. अशा संचावर पूर्ण डाव होत नाही म्हणून तो कपाटात पडून राहतो. पण शेवट शिकवायला लागतात किती? दोन राजे, एक उंट, चार-सहा प्यादी. प्यादी नसतील तर तुरीचे दाणे आणि शर्टाची बटणं चालतात. पट पुठ्ठ्यावर आखता येतो. एका तासिकेत दहा-बारा जोड्या खेळून होतात, आणि दुसरी-तिसरीतलं पोरगंही "मी राजाने उंट पकडला" असं घरी जाऊन सांगतं. पूर्ण डावात त्याच वेळेत निम्म्या मुलांचा नुसता कंटाळा होतो.

पालकांना एवढंच सांगेन, क्लासची फी भरण्याआधी एक महिना घरी हे खेळून बघा. रोज पंधरा मिनिटं. तुम्ही उंट घ्या, पोरीला राजा आणि दोन प्यादी द्या. मुद्दाम हरू नका. उंट मोकळा ठेवून सुरुवात केली तर तिला तो आधी अडकवावा लागेल, आणि ते वरच्या उदाहरणापेक्षा बरंच अवघड आहे.